रंगीत काचेच्या वर्गातील पहिले वर्ष

हिंगोलीहून वाशिमकडे जाताना कनेरगाव नाका लागतो. एकेकाळी एका अंगाला निजामाचे राज्य आणि दुसऱ्या अंगाला इंग्रजी कारभाराखालचे वऱ्हाड अशी या टापूची विभागणी होती. आज मराठवाडा आणि विदर्भ येथे एकमेकांना भेटतात. हळद, तूर, सोयाबीन आणि कापूस यांची वाहतूक ज्या रस्त्यावरून चालते, त्या रस्त्यावरच्या गावात हार्डवेअरचे दुकान असते आणि दुकानाच्या मागच्या भिंतीशी टेकवून उभ्या केलेल्या काचाही असतात. देवाच्या तसबिरीला किंवा कपाटाच्या दाराला काच हवी असेल, तर दुकानातील माणूस मापाची पट्टी लावतो, हिरकणी एकदाच ओढतो, खालून हलकीच टिचकी मारतो आणि टेबलाच्या कडेवर काच दाबतो. काच सांगितल्या रेषेत सुटते. हे काम तो दिवसातून अनेकदा करतो आणि त्यात काही कौशल्य आहे असे ना त्याला वाटते, ना गिऱ्हाइकाला.

मुंबई-पुण्याकडे भरणाऱ्या स्टेन्ड ग्लासच्या, म्हणजे रंगीत काचचित्रांच्या वर्गात प्रवेश घेतलेल्या मुलामुलींना पहिले काही दिवस नेमके हेच शिकावे लागते. चित्रकलेची आवड म्हणून आलेल्या विद्यार्थ्याची अपेक्षा निळ्या-तांबड्या काचांची असते. हाती येते ती साध्या तावदानाची फुकट गेलेली काच आणि एक छोटे चाक बसवलेला कटर. रेषा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड ओढायची, हात मध्येच उचलायचा नाही आणि तीच रेषा पुन्हा गिरवायची नाही. दाब योग्य असेल तर बारीक, सलग आवाज येतो. दाब जास्त झाला तर रेषेच्या कडेने पांढरा चुरा उठतो आणि काच भलतीकडे तडकते. नवशिक्याला वाटते की जोर लावला म्हणजे काच कापली जाईल. वास्तविक कटर काच कापतच नाही. तो पृष्ठभागावर एक सूक्ष्म भेग पाडतो आणि पुढे त्या भेगेला वाट द्यायची असते. रेषा ओढून काच तशीच ठेवून दिली आणि बऱ्याच वेळाने मोडायला घेतली, तर ती नीट सुटत नाही. म्हणून रेषा आणि मोडणे यांत खंड नको.

सरळ रेषा जमली की वक्र रेषा येते, आणि तेथे वर्गाचे दोन भाग पडतात. बाहेर फुगलेली वक्ररेषा थोड्या सरावाने साधते. आत वळलेली वक्ररेषा मात्र काचेच्या स्वभावाविरुद्ध जाते. ती एका दमात सुटत नाही. आधी हवी ती अंतिम रेषा ओढून ठेवायची, मग तिच्या अलीकडे उथळ कमानी एकामागून एक ओढायच्या आणि पक्कडीने एकेक चकती तोडत मूळ रेषेपर्यंत पोहोचायचे. उरलेली खाच पाण्यावर चालणाऱ्या ग्राइंडरवर घासून काढायची. आतला काटकोन तर काचेत कापताच येत नाही. कोपऱ्यातून तडा पुढे धावतोच.

याची खरी परीक्षा विद्यार्थी स्वतःचा पहिला प्रकल्प निवडतो तेव्हा होते. जैन घरातील विद्यार्थ्याला स्वाभाविकपणे वाटते की पहिले काचचित्र देवघरासाठी करावे. कोणाच्या मनात तीर्थंकरांची प्रतिमा असते. समजूतदार शिक्षक त्या इच्छेला नम्रपणे आवर घालतो, आणि ते योग्यच आहे. मुखावरील भाव काचेच्या तुकड्यांनी येत नाहीत. त्यासाठी काचेवर धातूंच्या ऑक्साइडचा रंग लावून ती भट्टीत सहाशे अंशांच्या वर भाजावी लागते, आणि ही विद्या पुढच्या वर्षांची आहे. शिवाय सरावाचे तुकडे फुटणारच, आणि मग ते टाकायचे कोठे, ही चुटपुट घरातील वडीलधाऱ्यांच्या मनाला लागते. तेव्हा कलश, कमळ किंवा स्वस्तिक यांपासून आरंभ करणे बरे.

त्यांतले स्वस्तिक सर्वांत सोपे दिसते. चार हात आणि त्यांची चार टोके सरळ पट्ट्यांची; मधला चौकोन धरून नऊ तुकड्यांत काम होते, आणि हातांमधली पार्श्वभूमीही आयताकृती तुकड्यांतच बसते. विद्यार्थी एका बैठकीत ते कापून ठेवतो आणि खूश होतो. अडचण येते ती वरच्या तीन टिंबांशी आणि चंद्रकोरीशी. कागदावर टिंब काढायला क्षणभर पुरतो. काचेत टिंब बसवायचे तर त्याच्याभोवतीच्या पार्श्वभूमीला गोल भोक पाडावे लागेल, आणि तसे भोक कटरने पडत नाही. मग टिंबापासून बाहेर रेषा काढून पार्श्वभूमीचेच दोन किंवा तीन तुकडे करावे लागतात. तीन टिंबे ओळीत असल्यामुळे एकच आडवी रेषा तिन्हींमधून नेता येते. हे ज्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लक्षात येते, त्याने त्या दिवशी या कलेचे मर्म पकडले असे समजावे. चंद्रकोरीची आतली कमान खोल असेल तर तिची टोके घासता घासता तुटतात. मग कोर थोडी उथळ करायची, किंवा मधोमध जोड देऊन दोन तुकड्यांत करायची. काही जण जोड नको म्हणून हट्ट धरतात आणि त्याच आकाराच्या चार-पाच कोरी फोडतात. त्यांना अडवू नये. पाचवी कोर फुटल्यावर जोडाची रेषा कोठे घ्यावी याचा विचार विद्यार्थी आपणहून करू लागतो, आणि तो विचार पुष्कळदा शिक्षकाच्या सूचनेपेक्षा सरस निघतो.

येथे चित्रकार आणि काचकार यांची वाट वेगळी होते. चित्रात रेषा ही आकाराची मर्यादा असते. काचचित्रात ती शिशाची किंवा झाळीची प्रत्यक्ष काळी पट्टी असते, तिला जाडी असते आणि उजेडात ती रंगापेक्षाही आधी डोळ्यांत भरते. ज्यांनी शाळेत चित्रकलेची पारितोषिके मिळवली आहेत, त्यांनाच ही गोष्ट गळी उतरायला वेळ लागतो असा अनुभव शिकवणारे सांगतात. रांगोळीचा हात असलेल्या मुली मात्र येथे लवकर पुढे जातात. ठिपके आणि ते जोडणाऱ्या रेषा यांचा हिशेब त्यांच्या बोटांत आधीपासून असतो.

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर एक व्यापारी गणित. आडव्या ओळीत बारा तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकडा अर्धा मिलिमीटर मोठा कापला गेला, तर ओळ सहा मिलिमीटरने वाढते आणि चौकटीत बसत नाही. अर्धा मिलिमीटर डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून फळीवर दोन लाकडी पट्ट्या काटकोनात ठोकून त्या कोनात काम रचतात, म्हणजे चूक जमा होण्याआधीच उघडी पडते. साचे कापण्याची कात्रीही खास असते: तिला तीन पाती असतात, आणि दोन साच्यांच्या मधून जोडाच्या जाडीइतकी कागदाची बारीक पट्टी ती कापून काढते. रोजच्या रोज रोकड मिळवण्याची सवय ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या घरांतील मुलांना हा शिरस्ता नवा वाटू नये.

तुकडे तयार झाले की ते जोडण्याचे दोन मार्ग आहेत. जुना मार्ग शिशाच्या पट्ट्यांचा. या पट्टीचा छेद इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखा असतो. दोन्ही बाजूंच्या खाचांत काच बसते. युरोपातील मध्ययुगीन चर्चच्या खिडक्या अशाच बांधल्या आहेत. दुसरा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ झाला आणि लुई कम्फर्ट टिफनी यांच्या दिव्यांमुळे जगभर पोहोचला. यात प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ चिकट पट्टी गुंडाळतात, तिच्यावर फ्लक्स लावतात आणि कथील-शिशाच्या झाळीने तुकडे एकमेकांना सांधतात. बारीक आणि वळणदार कामाला हाच मार्ग सोयीचा, म्हणून वर्गात बहुधा याचाच आरंभ होतो.

तांबे, कथील, झाळ आणि काच या चार गोष्टी एकत्र आल्या की महाराष्ट्रातील जैन कासार समाजाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तांब्या-पितळेची भांडी आणि काचेच्या बांगड्या हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. आज त्यांच्या दुकानांत स्टीलची भांडी अधिक दिसतात आणि भांड्याला झाळ देणारा हात दुर्मिळ झाला आहे. पण झाळ कोणत्या क्षणी पाण्यासारखी पसरते आणि कोणत्या क्षणी गोळा होऊन बसते, हे ज्याने आजोबांच्या शेजारी बसून पाहिले आहे त्याला या वर्गात फारसे शिकवावे लागणार नाही. 60 भाग कथील आणि 40 भाग शिसे असलेली झाळ सुमारे 190 अंश सेल्सिअसला पूर्ण वितळते. इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची तापती सळई, एकाच जागी रेंगाळली तर काच उष्णतेने तडकते. घाईने पुढे सरकली तर झाळीची रेषा खडबडीत राहते. गोलसर, मण्यासारखी सलग रेषा येईपर्यंत विद्यार्थ्याचे दोन-तीन प्रकल्प खर्ची पडतात. पहिल्या प्रकल्पातील जाड-बारीक, गाठींची झाळ पाहून पुष्कळ जण तो लपवून ठेवतात. तो जपून ठेवणे बरे, कारण सहा महिन्यांनी प्रगती मोजायला दुसरे काही साधन नसते.

शिशाच्या बाबतीत मात्र काटेकोर राहिलेच पाहिजे. शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला त्याचा विशेष अपाय होतो. कामाच्या टेबलावर खाणे-पिणे नाही, काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कशालाही स्पर्श नाही, झाळकाम करताना खेळती हवा, आणि त्या कपड्यांनी घरातील तान्ह्या मुलाला उचलायचे नाही. गर्भवती स्त्रियांनी हे काम टाळावे. जो वर्ग हे नियम पहिल्या दिवशी सांगत नाही, तेथे आपले मूल पाठवू नये. काचकाम घासताना डोळ्यांवर चष्मा हवा, हे वेगळे सांगायला नको. शिसेविरहित झाळही बाजारात मिळते. ती महाग आहे आणि थोड्या अधिक उष्णतेला वितळते, परंतु घरी सराव करणाऱ्यांनी तीच वापरावी.

काचेच्या किमतीचाही एक उलगडा व्यापारी कुटुंबांना रुचेल. निळा रंग कोबाल्टने येतो, हिरवा लोह किंवा क्रोमियमने, जांभळा मँगनीजने. परंतु खरी गुलाबी काच सोन्याच्या अंशाने रंगते. त्यामुळे कमळासाठी गुलाबी काच मागणाऱ्या विद्यार्थ्याच्या आणि कलशासाठी हिरवी काच घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या खर्चात फरक पडतो. पहिले कमळ साध्या काचेत कापून पाहावे आणि हात बसल्यावरच सोनेरी मुलाम्याची ही चैन करावी, असे शिक्षक सुचवतात. घरातील आजीनेही हेच सुचवले असते.

आता प्रश्न येतो तो प्रत्येक घरात विचारला जाणारा: यातून मिळणार काय? दुकान आहे, गोदाम आहे, हिशेब सांभाळायला माणूस हवा आहे. अशा वेळी मुलाने किंवा मुलीने काचेचे तुकडे जोडत बसावे काय? हा प्रश्न क्षुद्र नाही. एक फूट लांबी-रुंदीचे काचचित्र करायला नवशिक्याला कित्येक आठवडे लागतात, आणि दिवसाच्या मजुरीने त्याचा भाव काढला तर गिऱ्हाईक उभे राहत नाही. खिडकीतली लटकणारी शोभेची काच किंवा दिव्याची छत्री विकून चरितार्थ चालवणे कठीण आहे, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगून टाकावे. परंतु या कामाची दुसरी एक बाजू आहे आणि तिचा संबंध जैन समाजातील एका मोठ्या नावाशी येतो.

मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयावरचा राजाबाई टॉवर सर्वांच्या परिचयाचा आहे. कापसाच्या आणि शेअरांच्या व्यापारात अफाट संपत्ती मिळवलेले सुरतचे जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आपल्या मातोश्रींचे नाव देववले. घड्याळाचे टोल ऐकून राजाबाईंना सूर्यास्तापूर्वी भोजन उरकता यावे म्हणून हा मनोरा बांधला, अशी आख्यायिका सांगतात. अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, आणि 1865 मध्ये मुंबईच्या व्यापारी जगाबरोबर प्रेमचंदही बुडाले. इमारतीचे काम 1869 मध्ये सुरू झाले आणि 1878 मध्ये पूर्ण झाले. म्हणजे ज्या वैभवातून दान निघाले ते वैभव सरल्यावर दानाची वास्तू उभी राहिली. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्लिश वास्तुशिल्पकाराने इंग्लंडमध्ये बसून तिचा आराखडा केला. ग्रंथालयाच्या वाचनालयात उंच खिडक्या आहेत आणि त्यांत रंगीत काचा आहेत. शेजारच्या पदवीदान सभागृहात बारा राशींच्या चित्रांची एक भव्य वर्तुळाकार खिडकीही आहे.

दगड टिकतो, काचही टिकते. थकते ते शिसे. ऊन, पाऊस आणि समुद्राची हवा यांनी शंभर-सव्वाशे वर्षांत शिशाच्या पट्ट्या मऊ पडतात, पुट्टी भुगा होऊन गळते आणि संपूर्ण तावदानाला पोट सुटते. मग काचा एकेक करून निखळू लागतात. 2013 ते 2015 या काळात राजाबाई टॉवर आणि ग्रंथालय यांचे जतनकार्य झाले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने त्यासाठी सुमारे चार कोटी वीस लाख रुपये दिले, वास्तुविशारद बृंदा सोमाया यांच्या मार्गदर्शनाखाली काम झाले, काचचित्रांच्या संवर्धनात स्वाती चांदगडकर यांचा हात लागला, आणि 2018 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाचा सन्माननीय उल्लेख झाला. पैसा उभा राहिला हे मोठेच. पण केवळ पैशाने शिसे बदलत नाही. असे काम करू शकणारे हात देशभरात अगदी मोजके आहेत.

म्हणून काही वर्गांत वर्षाच्या उत्तरार्धात नव्या चित्राऐवजी दुरुस्तीचा प्रकल्प देतात, आणि विद्यार्थ्यांची खरी प्रगती तेथेच दिसते. जुन्या घरातून काढलेले एखादे मोडके तावदान समोर ठेवले जाते. त्यावर कागद पसरून खडूने घासायचे, म्हणजे शिशाच्या रेषांचा ठसा उमटतो. प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यायचा, छायाचित्रे घ्यायची आणि मग शिसे उलगडायचे. फुटलेल्या तुकड्याच्या जागी नवा तुकडा घालावा की फुटकाच सांधून ठेवावा, यावर वर्गात वाद होतो. नव्या काचेचा रंग जुळला असे दुकानात वाटते आणि खिडकीत लावल्यावर उजेडात तो ओरडू लागतो. जुन्या काचेत बुडबुडे असतात, जाडी असमान असते; तिच्यातून येणारा प्रकाश किंचित हलतो. पहिल्या महिन्यात हेच बुडबुडे पाहून ‘काच खराब आहे’ म्हणणारे विद्यार्थी वर्षाअखेरीस तसा तुकडा मिळावा म्हणून भंगाराची दुकाने धुंडाळतात.

अशी तावदाने शोधायला मुंबईलाच जावे लागते असे नाही. मराठवाडा-वऱ्हाडातील जुन्या व्यापारी वाड्यांत दारांवरच्या अर्धवर्तुळाकार झरोक्यांत निळ्या, पिवळ्या, तांबड्या काचा बसवलेल्या असत; अनेक मंदिरांतही त्या दिसतात. त्या शिशाने नव्हे तर लाकडाच्या चौकटीने धरलेल्या असतात, म्हणून त्यांची दुरुस्ती त्या मानाने सोपी असते. कोलकात्यातील बद्रीदासजींचे 1867 चे मंदिर किंवा इंदूरचे शेठ हुकुमचंद यांचे काचमंदिर पाहून आलेले यात्रेकरू काचेच्या वैभवाचे वर्णन करतात, आणि गावी परतल्यावर वाड्याची डागडुजी निघाली की झरोक्यातली काच काढून तेथे ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवतात. काढलेली काच भंगारात जाते. भंगारवाला तिचे काही देत नाही, कारण रंगीत काच त्याच्या साध्या काचेत मिसळत नाही. ती काच कोणत्याही वर्गातील विद्यार्थी आनंदाने घेऊन जाईल.

कनेरगाव नाक्यावरच्या मुलाला वर्षभर मुंबई-पुण्याला राहणे शक्य नसेल, तर सुट्टीतील आठ-दहा दिवसांची कार्यशाळा आरंभाला पुरते. जाण्यापूर्वी एक महिना त्याने हार्डवेअरच्या दुकानात काच कापायला उभे राहावे. दुकान घरचे असेल तर उत्तमच. वर्गात चौकशी करताना भट्टी आहे काय, काचेचे पैसे शुल्कात धरले आहेत काय, एका टेबलाशी किती विद्यार्थी बसतात आणि हवा खेळती आहे काय, एवढे विचारून घ्यावे. आणि सरावात फुटलेले तुकडे घरच्या कचऱ्यात टाकू नयेत. ते जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून, वर ‘काच’ असे ठळक लिहून वेगळे द्यावेत. उकिरड्यावर तोंड घालणाऱ्या गाईला आणि कचरा वेचणाऱ्या बाईच्या उघड्या हातांना त्यांची इजा होते. यापैकी मोठे तुकडे रंगांनुसार निवडून डब्यांत ठेवले, तर पुढल्या तुकडीतील विद्यार्थ्यांच्या टिंबांना तेवढे पुरतात.